वारसायात्रा जेथे संपते, तेथून पुढे

रविवारी सकाळी मुंबईच्या फोर्ट भागातून जाणाऱ्याला एक दृश्य हटकून दिसते. रस्ते मोकळे असतात, दुकानांची दारे बंद असतात, आणि पंधरा-वीस माणसांचा एखादा घोळका रस्त्याच्या कडेला मान वर करून उभा असतो. कोणी कमानीकडे बोट दाखवतो, कोणी खांबांच्या माथ्यावर कोरलेले पशुपक्षी मोजतो, कोणी छायाचित्रे घेतो. वास्तुविशारदाचे नाव, बांधकामाचे साल आणि शैलीचा प्रकार एक माहितगार मार्गदर्शक सांगत असतो. अशा पायी सहलींना ‘वारसायात्रा’ हे नाव आता रूढ होत आहे. ज्या शहरात माणसे वर्षानुवर्षे त्याच इमारतीखालून लोकल पकडायला धावतात आणि त्या इमारतीकडे एकदाही पाहत नाहीत, तेथे ही सवय लागणे चांगलेच होय. मोटारीतून रस्ता दिसतो. शहर दिसायचे तर पायीच चालावे लागते.

तेव्हा या यात्रांविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मार्गाचा. काळ्या घोड्यापासून निघालेली यात्रा ओव्हल मैदान, हायकोर्ट, फ्लोरा फाउंटन असे करत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत येते आणि फार तर क्रॉफर्ड मार्केटपाशी विसर्जित होते. शहर मात्र तेथे संपत नाही. ज्यांनी मुंबई बांधली आणि शंभर-सव्वाशे वर्षे आपल्या श्रमावर चालवली, त्यांचे शहर खरे म्हणजे तेथून सुरू होते. एखाद्याने न थांबता तसेच उत्तरेकडे आठ-दहा किलोमीटर चालत परळपर्यंत जावे. सकाळी पाहिलेल्या इमारतींचा अर्थ त्याला संध्याकाळी निराळा वाटू लागेल.

मैदान, कापूस आणि दुष्काळ

सुरुवात यात्रेच्याच वाटेवरून करावी. ओव्हल, क्रॉस आणि आझाद या मैदानांना शहराची फुप्फुसे म्हणतात, आणि ती आहेतही. पण ही मोकळीक नागरिकांच्या आरोग्यासाठी राखलेली नव्हती. किल्ल्याच्या तटासमोर शत्रूला आडोसा मिळू नये, तोफेच्या माऱ्याला अडथळा नसावा, म्हणून ठेवलेल्या एस्प्लनेडचे हे उरलेले तुकडे आहेत. तटाच्या आत सत्ता आणि सराफी, मैदानापलीकडे ‘नेटिव्ह टाउन’, अशी ती विभागणी होती. १८६२ साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. विभागणी मात्र तटाबरोबर पडली नाही. तटाच्या जागी ज्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, त्यांनीच एक नवी रेघ आखली.

या इमारतींना पैसा कोठून आला? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड या मुलखांतल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या दलालांकडे पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, बँका आणि कंपन्या पत्त्यांच्या घरासारख्या कोसळल्या. शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले. तथापि विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या चार लाख रुपयांच्या देणगीतून ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा उभा राहिला, आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ मुंबईत कधी आले नाहीत. आराखडे विलायतेहून आले. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींची प्रतिनिधिक माणसे दगडात कोरली आहेत. ज्ञानाच्या मंदिरावर समाजाची ओळख जातींच्या मूर्तींनी करून द्यावी, हे त्या काळाच्या दृष्टीचे नेमके चिन्ह होय.

भाव चढले तेव्हा दलाल श्रीमंत झाले. भाव पडले तेव्हा कुळे सावकाराच्या वहीत अडकली. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे कापसाच्या तेजी-मंदीचा हा इतिहासही होता. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ या तीन वर्षांत दख्खनमध्ये लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. दुष्काळी कामांवरील धडधाकट पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्यावर आणण्याचा सरकारी हुकूम निघाला. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो उपाशी मजुरांनी १८७७ मध्ये त्या कामांवर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आता सालांकडे पाहावे. हायकोर्टाची इमारत पूर्ण झाली १८७८ मध्ये. राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामाला आरंभ झाला तोही १८७८ मध्ये. वारसायात्रेत ही साले सांगितली जातात. त्याच सालांत इलाख्याच्या खेड्यापाड्यांत काय चालले होते, ते मात्र सांगितले जात नाही.

याचा अर्थ या इमारती कुरूप आहेत किंवा त्यांचा तिरस्कार करावा, असा नव्हे. त्या सुंदर आहेत, आणि त्यांचे सौंदर्य येथल्या हातांचे आहे. टर्मिनसचे श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना दिले जाते. दहा वर्षे चाललेल्या त्या कामावर सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. भिंतींवरची पाने, मोर, माकडे कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. मालाडच्या आणि कुर्ल्याच्या खाणींतून निघालेला पिवळसर दगड, पोरबंदरचा चुनखडीचा दगड आणि याच भूमीचा काळा पाषाण फोडणाऱ्या, वाहणाऱ्या, घडवणाऱ्या पाथरवटांची नावे तर कोठेच नाहीत.

टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे बसवलेले आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट हे दोन हिंदी चेहरेही आहेत. याच कंपनीने १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. पटकी, ज्वर आणि सुरुंगांचे अपघात यांत हजारो मेले. घाट फुटला म्हणून दख्खनचा कापूस बंदरात आला आणि कापूस आला म्हणून हे स्थानक उभे राहिले. भिंतीवर जागा मात्र संचालकांनाच मिळाली. २००४ साली ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली. तो मान योग्यच आहे. केवळ त्या मानाचे वारसदार कोण, एवढे विचारावयाचे आहे.

साऱ्या फोर्टमध्ये याला ठळक अपवाद एकच. फ्लोरा फाउंटनवर रोमन देवता उभी आहे, आणि तिच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांचे हे हुतात्मा स्मारक १९६१ साली झाले. त्या लढ्यातले पुष्कळ हुतात्मे गिरणगावातून आणि गिरगावातून चालत फोर्टकडे आले होते. वारसायात्रेच्या वाटेने उलट्या दिशेने आलेली ती माणसे होती.

क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे

यात्रा जेथे संपते, त्या मंडईला आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. जोतीरावांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती. अभियंता, कारकून आणि मजूर यांच्यामधला पैसा कोठे मुरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. ज्या रविवारी आज निवांतपणे मान वर करून इमारती पाहता येतात, तो रविवार कामगाराच्या वाट्याला असा आला. यात्रा पुढे न्यायची तर लोखंड्यांची आठवण काढण्याला याहून योग्य ठिकाण नाही.

मंडईपासून पश्चिमेला वळले की प्रिन्सेस स्ट्रीट लागतो. हा सरळसोट रुंद रस्ता १८९६ च्या प्लेगचे अपत्य आहे. प्लेगने घाबरलेल्या सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि दाट वस्त्या पाडून समुद्राचा वारा आत घेणारे रस्ते काढले. वारा आला, पण ज्यांची घरे पाडली त्यांना तितक्या वेगाने घरे मिळाली नाहीत. ती माणसे शेजारच्या वस्त्यांत दाटीने शिरली आणि त्या वस्त्या पूर्वीपेक्षा अधिक गलिच्छ झाल्या. ‘सुधारणे’च्या नावाने आधी पाडायचे आणि पुनर्वसनाचे मागाहून पाहायचे, ही रीत या शहरात अशी सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

रस्ता संपता संपता गिरगाव सुरू होते. येथे एकेक इमारत सुटी पाहून भागत नाही. वाडी पाहावी लागते. अरुंद बोळातून आत शिरावे, तर मध्ये चौक, चौकाभोवती लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या आणि प्रत्येक गॅलरीत ओळीने खोल्या. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. तेथून हाकेच्या अंतरावर, दादोबा वामन खोत यांच्या नावाने वसलेल्या खोताच्या वाडीत, ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची टुमदार घरे आहेत. पूर्वीच्या घरांपैकी निम्मीही आता उरलेली नाहीत. चौकात उत्सव, सभा, भांडणे, मुलांचे खेळ आणि प्रेतयात्रेची तयारी ही सारी एकाच फरसबंदीवर होत. चौकाची लांबी-रुंदी आराखड्यात मापता येते. त्याचा हा उपयोग मात्र तेथे चालत गेल्याशिवाय कळत नाही.

गिरगावातून पुन्हा उत्तरेला भायखळ्याकडे जाताना कामाठीपुरा लागतो. या नावाचा उच्चार पांढरपेशा माणूस दबक्या आवाजात करतो. वस्तुतः हे नाव निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू भाषिक कामाठ्यांचे आहे. विटा-चुना वाहून, पायऱ्या-भिंती रचून ज्यांनी मुंबई उभी केली, त्या मजुरांची ही वस्ती. शहराने त्यांच्या कामावर इतरांची नावे कोरली, आणि त्यांचे नाव ज्या एका मोहल्ल्याला राहिले त्याला बदनाम करून टाकले.

भोंग्याविना गिरणगाव

भायखळा ओलांडला की आकाश एकदम उंच इमारतींनी भरते. येथे गिरण्या होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे लालबाग, परळ, वरळी, शिवडी या पट्ट्यात सुमारे ६०० एकर जमिनीवर गिरण्या पसरल्या. काळ्या दगडाच्या उंच भिंती, लोखंडी फाटक, करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि आकाशात चढलेली चिमणी, हे गिरणगावाचे स्थापत्य. त्याच्या शैलीला कोणी नाव दिले नाही, म्हणून ते स्थापत्य मानले गेले नाही. वास्तविक त्या छपरांच्या उतारात साच्यांवर दिवसभर सारखा उजेड पाडणारी पक्की अक्कल होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मोडकळीला आल्या आणि मालकांच्या दृष्टीने कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत एक न्याय्य तोडगा होता: गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे तीन भाग व्हावेत, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि वाटणी गिरणीतल्या केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ६०० एकरांचा प्रश्न एका शब्दाच्या अर्थावर निकालात निघाला.

आज तेथून चालणाऱ्याला काय दिसते? लोअर परळच्या एका मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी शोभेसाठी राखलेली आहे. तिच्या पायथ्याशी उपाहारगृहांची गर्दी असते. चिमणी राहिली, कामगार गेला. दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले; आजवर घर मिळालेले त्यांत थोडेच. बाकीच्यांपैकी अनेकांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरील शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना निघाली, तेव्हा २०२५ च्या जुलैत हे म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानात जमल्या. समोर टर्मिनस, शेजारी महापालिकेची इमारत. जगाने वारसा म्हणून गौरवलेल्या दगडांच्या साक्षीने ही माणसे, आपणही या शहराचे वारस आहोत, एवढेच सांगत होती.

चाळीचे कौतुक आणि चाळीचे दुःख

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चाळीचे आणि गिरणगावाचे हे गोडवे तेथे न राहणाऱ्यांचे असतात, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परळ-वरळीच्या बीडीडी चाळी १९२० नंतर सरकारने बांधल्या. पन्नास हजार खोल्यांची घोषणा झाली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि त्यांच्यात सामाईक संडास. पहाटे उठून रांग धरणाऱ्या बाईला, दहा माणसांच्या खोलीत पोटमाळ्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाला, पाळ्यांप्रमाणे एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपणाऱ्या गाववाल्यांना गॅलरीतल्या समूहजीवनाचे कौतुक ऐकवणे हा क्रूर विनोद आहे. दुःखाला वारसा म्हणून काचेत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांना झालेला आनंद खरा आहे आणि तो त्यांच्या हक्काचा आहे.

परंतु हा आक्षेप तेथेच थांबतो. घर मोठे हवे, संडास घरात हवा, या मागणीचा अर्थ चौक नको, मैदान नको, शेजार नको असा होत नाही. दोन्हींपैकी एक निवडा, हा पेच रहिवाशांनी घातलेला नाही. चटईक्षेत्राच्या हिशेबाने घातला आहे. जमिनीचा मोठा भाग विक्रीच्या मनोऱ्यांना द्यायचा म्हणून मूळ रहिवाशांचे घर उंच आणि दाट व्हावे लागते. चाळीसाव्या मजल्यावरची म्हातारी उद्या खाली कशी येईल, उद्वाहनाचा आणि देखभालीचा खर्च निवृत्त कामगार कशातून भागवील, मुलांनी खेळावे कोठे, हे प्रश्न किल्ल्या देण्याच्या समारंभात विचारले जात नाहीत. शहराच्या जुन्या भागातील उपकरप्राप्त इमारतींत राहणाऱ्या हजारो भाडेकरूंपुढे उद्या हेच प्रश्न उभे आहेत.

चाळीने जे घडवले ते तिच्या गैरसोयींमुळे घडले नाही. माणसे एकमेकांच्या नजरेसमोर, एकाच चौकाभोवती राहिली, म्हणून ते घडले. परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली परळच्याच दामोदर हॉलमधल्या बैठकीतून झाली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी. पोयबावडीपासून राजगृहापर्यंतचे अंतर पायी अर्ध्या-पाऊण तासाचे. हे अंतर ज्याने एकदा चालून पाहिले, त्याला घराच्या जागेचा आणि विचाराच्या वाढीचा संबंध निराळा समजवावा लागणार नाही.

चालण्याचा हक्क

शेवटचा मुद्दा चालण्याचाच. मुंबईत पायी चालणारी बहुसंख्य माणसे इमारती पाहायला निघालेली नसतात. ती स्थानकावर, शाळेत, कामावर जात असतात. कारण त्यांना दुसरे वाहन परवडत नाही किंवा मिळत नाही. या माणसांसाठी शहराने काय केले? परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके गिरणी कामगारांच्या वर्दळीच्या मापाची होती. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, लाखो नवी पावले आली; जिना तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या पादचारी पुलावर चेंगरून वीसहून अधिक माणसे मेली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी खुद्द टर्मिनसला लागून असलेला पादचारी पूल कोसळला आणि घरी परतणारी माणसे त्याखाली सापडली. काही काळ आधीच्या तपासणीत तो पूल धोकादायक ठरवला गेला नव्हता. जागतिक वारशाचे स्थानक आणि त्याच्या दारातला हा पूल यांत काही पावलांचे अंतर होते. एकाकडे जगाचे लक्ष होते, दुसऱ्याकडे कोणाचेच नव्हते.

याच शहरात १३ हजार कोटींहून अधिक खर्च करून किनारी मार्ग झाला. त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे. त्याच्या कडेला समुद्रकाठी फिरण्याची वाट उघडली, हे ठीकच झाले. पण हवा खायला जाण्याची वाट वेगळी आणि कामावर जाण्याची वाट वेगळी. पदपथ फेरीवाल्यांनी अडवला अशी ओरड नित्य होते. तोच पदपथ दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या मोटारींनी, खोदकामांनी आणि मनोऱ्यांच्या प्रवेशद्वारांनी अडवलेला असतो, त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. चालणाऱ्याला भुयारात उतरवायचे किंवा आकाशमार्गावर चढवायचे आणि जमीन मोटारीला द्यायची, या धोरणातून शहराची एक बाजू डोळ्यांआड करण्याची सोयही आपोआप होते. पुलावरून जाणाऱ्याला पुलाखालची वस्ती दिसत नाही.

१८६३ साली, तट पडत असतानाच, गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. देवळे, तळी, बाजार, धंदे, निरनिराळ्या जातींची माणसे यांची त्यांनी केलेली नोंद ही शहर डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या माणसाची नोंद आहे. त्यांनी गव्हर्नराचा बंगला पाहिला आणि बाजारही पाहिला. ही परंपरा मराठी भाषेला नवी नाही, ती पुढे चालवणे एवढेच बाकी आहे.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. १९९५ साली मुंबईने वारसा वास्तूंच्या जतनाचे नियम केले आणि देशापुढे उदाहरण ठेवले. २०१८ मध्ये फोर्ट आणि ओव्हल परिसरातील ९४ इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता त्या जतनाच्या विचारात रहिवाशाला स्थान मिळाले पाहिजे. पुनर्विकासाचा आराखडा ठरण्याआधी तो चाळीच्या चौकात मराठीत वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि चौक, मैदान, झाडे यांतले काय राखायचे हे ठरवताना तेथल्या बायकांचे मत नोंदले गेले पाहिजे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या प्रत्येक संकुलाच्या दर्शनी भिंतीवर गिरणीचे नाव, तेथे काम करणाऱ्यांची संख्या आणि ती बंद पडल्याचे साल लिहिणे बंधनकारक करता येईल. महापालिकेच्या शाळांतील मुलांना वर्षातून एकदा टर्मिनसपासून परळपर्यंत पायी नेता येईल. वाटेत त्यांना शिकवायला गिरणगावातले निवृत्त कामगार आहेत, आणि ते अजून आहेत तोवरच हे करायला हवे. पदपथाची रुंदी ही मोटारींच्या रांगेतून उरलेली जागा नसून नागरिकाचा पहिला हक्क आहे, असे अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.

रविवारच्या घोळक्यांनीही एवढे करावे. क्रॉफर्ड मार्केटपाशी निरोप न घेता मार्गदर्शकाला पुढचा रस्ता विचारावा. तो लालबागला जातो. तेथे एखाद्या चाळीच्या गॅलरीत बसलेला म्हातारा विचारील, काय पाहायला आलात? त्याला इमारतीचे वर्ष विचारू नये. साच्यावर किती वर्षे काम केले, ते विचारावे, आणि तो बोलू लागला की उभ्या उभ्या नव्हे, त्याच्याजवळ बसून ऐकावे.